घरात तार घ्यावी का? घरगुती इंटरनेटच्या प्रश्नाचा आढावा

भारतातल्या बहुतेक घरांत आता इंटरनेट आहे, पण इंटरनेटची तार फार थोड्या घरांत आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, जी ग्राहकसंख्या वेळोवेळी जाहीर करते तिच्यानुसार २०२४ मध्ये देशातले ब्रॉडबँड ग्राहक ९० कोटींच्या पुढे होते आणि त्यांत तारेवरचे ग्राहक चार कोटींच्या आसपास. ही तुलना थोडी फसवी आहे, कारण मोबाइलचे ग्राहक सिममागे मोजले जातात आणि तारेचे जोडणीमागे. एका जोडणीवर चार-पाच माणसांचे घर चालते. तरीही ज्यांचे सगळे काम मोबाइलच्या डेटावर, हॉटस्पॉटवर किंवा गच्चीवर बसवलेल्या अँटेनावर चालते अशी कुटुंबे कितीतरी अधिक आहेत. या कुटुंबांपुढे आज एक प्रश्न असतो: आहे ते ठेवावे की फायबर घ्यावे? जाहिराती त्याचे उत्तर वेगाच्या आकड्यात देतात आणि शेजारीपाजारी महिन्याच्या बिलात. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर हे दोन्ही निकष दुय्यम ठरतात, असे मला वाटते. जोडणी संध्याकाळच्या गर्दीत किती स्थिर राहते आणि बंद पडली तर किती लवकर चालू होते, या दोन गोष्टींवर निर्णय उभा राहायला हवा.

तारेकडून हवेकडे, आणि पुन्हा तारेकडे

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेला मोडेम जोडायचा आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज ठेवायचा, एवढी एकच वाट होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि त्यानंतर मुंबईत एमटीएनएलचे ट्रायबँड, उरलेल्या राज्यात बीएसएनएलचे डेटावन आले. तार तीच, तांब्याची. फक्त आता फोन आणि नेट एकाच वेळी चालू लागले. या तंत्राची मर्यादा भौतिक होती. टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की लाइनवर खरखर. त्याच काळात शहरांतल्या केबलवाल्यांनी गच्च्यागच्च्यांवरून वायरी ओढून स्वतःचे जाळे उभारले. त्यांच्या सेवेचा दर्जा गल्लीगणिक बदलत असे, पण फोन केला तर माणूस शिडी घेऊन येत असे. घरगुती इंटरनेटच्या चर्चेत या शिडीवाल्या माणसाला मिळायला हवे तेवढे महत्त्व अजून मिळालेले नाही.

२०१० च्या स्पेक्ट्रम लिलावानंतर खासगी कंपन्यांचे थ्रीजी आले, डोंगल पसरले, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर मोबाइल डेटाचे दर इतके कोसळले की अनेकांना घरच्या तारेचे कारणच उरले नाही. लँडलाइन परत करणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि त्यांच्याबरोबर ब्रॉडबँडही गेले. मग मार्च २०२० ची टाळेबंदी आली. एकाच घरात आईची ऑनलाइन मीटिंग, मुलाची शाळा आणि आजोबांची मालिका एका वेळी सुरू झाली तेव्हा दिवसाला दीड-दोन जीबीचे रिचार्ज दुपारपर्यंत संपू लागले, आणि कोकणातली मुले रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसू लागली. शहरांत फायबरची मागणी तेव्हा जी वाढली ती ओसरली नाही. जिओफायबर २०१९ मध्येच आले होते, एअरटेल आणि बीएसएनएल तांब्याकडून फायबरकडे वळत होते, आणि केबलवाल्यांनीही जुन्या वायरी काढून काचतंतू ओढायला घेतले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्हजी सुरू झाले आणि २०२३ मध्ये एअरटेल व जिओ या दोघांनी एअरफायबर नावाची तिसरी वाट उघडली: टॉवरवरून येणारे, पण घराच्या बाहेर किंवा गच्चीवर पक्के बसवलेल्या अँटेनाने पकडलेले इंटरनेट. त्यामुळे ‘बिनतारी की तारेचे’ हा मूळ प्रश्न आज मोबाइल, एअरफायबर आणि फायबर असा तिपेडी झाला आहे.

फरक नेमका कुठे आहे

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. उरलेला उशीर वाटेतल्या यंत्रांचा. रेडिओलहरी तर हवेतून त्याहूनही वेगाने जातात. म्हणजे ‘तार वेगवान आणि हवा मंद’ ही समजूत भौतिकशास्त्राला धरून नाही. फरक वाटणीत आहे. टॉवरच्या एका दिशेला जेवढा स्पेक्ट्रम उपलब्ध आहे तो त्या दिशेच्या सगळ्या ग्राहकांत वाटला जातो, आणि त्या ग्राहकांत रस्त्यावरून जाणारी बस, खालचा चहावाला आणि समोरच्या मंगल कार्यालयातले पाचशे वऱ्हाडीही असतात. शिवाय ग्राहक भिंतींच्या आड असला तर त्याच्यापर्यंत तेवढाच मजकूर पोचवायला टॉवरला अधिक वेळ खर्चावा लागतो आणि तो वेळ इतरांच्या वाट्यातून जातो. म्हणूनच दुपारी तीन वाजता दोनशे एमबीपीएस दाखवणारी जोडणी रात्री नऊला वीसवर येऊ शकते आणि तरीही कंपनीने काही खोटे सांगितले असे होत नाही. करारात ‘पर्यंत’ हा शब्द असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: फायबरही वाटूनच दिलेले असते. खरे आहे. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर घराकडे येणारा एकूण वेग सुमारे २.५ जीबीपीएस असतो आणि तो स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत विभागतात. पण हिशेब करून पाहावा. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने उपसा केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतात, आणि असा क्षण प्रत्यक्षात येत नाही. एका फुल एचडी चित्रपटाला पाच, फोरकेला पंधरा ते पंचवीस एमबीपीएस लागतात. शिवाय वाटेकऱ्यांची संख्या ठरलेली आहे; लग्नाचे वऱ्हाड तिच्यात येत नाही. फायबरच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मात्र तो शेवटच्या टप्प्यापुरता खरा आहे. तंतू जिथे जातो त्या केंद्रापासून पुढे इंटरनेटपर्यंतची क्षमता सेवादात्याने किती विकत घेतली आहे, हे ग्राहकाला दिसत नाही. लहान सेवादात्याने शंभर ग्राहकांमागे फार तुटपुंजी बँडविड्थ घेतली असेल तर घरात काचेची तार असूनही संध्याकाळी व्हिडिओ अडखळतो. अशा घराला तारेने काही दिले नाही असे वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नसते.

दुसरा फरक वर जाणाऱ्या वेगाचा. मोबाइल आणि फाइव्हजीच्या जाळ्यात वेळेचा बहुतांश हिस्सा ग्राहकाकडे येणाऱ्या मजकुरासाठी राखलेला असतो, कारण लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. फायबरच्या बहुतेक भारतीय योजनांत मात्र दोन्ही दिशांचा वेग सारखा मिळतो. मालिका पाहणाऱ्या घराला याचा फरक पडत नाही. घरून काम करणारा, शिकवणी घेणारा, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा, लग्नाचे फोटो पाठवणारा छायाचित्रकार यांना पडतो, आणि फार पडतो. व्हिडिओ कॉलवर ‘तुमचा आवाज तुटतोय’ असे ऐकावे लागते तेव्हा दोष बहुधा येणाऱ्या वेगाचा नसतो. जाणाऱ्या वेगाचा आणि दर क्षणी बदलणाऱ्या उशिराचा असतो. सरासरी वेग मोजणारी चाचणी हा दोष दाखवत नाही, म्हणून तो वादात मागे राहतो.

पावसाबद्दल एक समजूत पक्की झाली आहे की बिनतारी जोडणी पावसात बंद पडते. घरगुती फाइव्हजीसाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पावसाचा परिणाम नगण्य असतो. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मात्र तो जाणवतो. त्यापेक्षा अँटेना आणि टॉवर यांच्या मधे वाढलेले आंब्याचे झाड किंवा वर्षभरात उभी राहिलेली नवी इमारत जास्त नडते. शिवाय सगळी एअरफायबर जोडणी फाइव्हजीवर चालते असेही नाही. काही ठिकाणी ती परवानामुक्त पट्ट्यातल्या रेडिओवर दिली जाते, आणि हा रेडिओ समोरासमोर दिसणाऱ्या अंतरावरच नीट चालतो.

तीन भूमिका

पहिली भूमिका मोबाइल पुरेसा मानणाऱ्यांची. तिला मागासलेपण समजणे अन्यायाचे होईल. एक-दोन माणसांचे घर, दिवसभर बाहेर काम, भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणे, अशा परिस्थितीत वेगळी जोडणी म्हणजे दुप्पट खर्च. फोनचे रिचार्ज तर तारेनेही टळत नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर ही तुलना थोडी बदलली. चार फोन असलेल्या घरात प्रत्येकी दोन जीबीच्या योजनेऐवजी लहान योजना घेऊन घरी फायबर ठेवले तर एकूण खर्च फारसा वाढत नाही, कधी तर कमीही होतो. मूळ फायबर योजना महिना ३९९ रुपयांपासून मिळाल्या आहेत. १८ टक्के जीएसटी धरला की ४७१ रुपये. दोन माणसांच्या घराला हा भुर्दंड, पाच माणसांच्या घराला स्वस्ताई. म्हणून ‘कोणते स्वस्त’ याचे एकच उत्तर कोणी देत असेल तर त्याने घरातली माणसे मोजलेली नाहीत.

दुसरी भूमिका फायबरवाद्यांची. अभियंते, ऑनलाइन गेम खेळणारी मुले, घरून काम करणारे बहुधा या बाजूला असतात. तंतू एकदा घातला की दोन्ही टोकांची यंत्रे बदलून त्याच तंतूवर दहा पट वेग घेता येतो, हा त्यांचा दीर्घ पल्ल्याचा युक्तिवाद आहे आणि तो तांत्रिकदृष्ट्या निर्विवाद आहे. वापराची मर्यादाही इथे सैल असते: फायबरच्या ‘अमर्याद’ योजनांत महिन्याला ३.३ टीबीच्या आसपास, एअरफायबरवर साधारण एक टीबीची मर्यादा दिसते. सामान्य कुटुंब या दोन्हींच्या जवळही जात नाही, त्यामुळे हा मुद्दा चर्चेत जितका मोठा दिसतो तितका व्यवहारात नाही.

तिसरी भूमिका एअरफायबरची, आणि ती प्रामुख्याने कंपन्यांची आहे. त्यांचे कारण उघड आहे. रिलायन्सच्या २०२३ च्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी सांगितले होते की फायबरने दिवसाला सुमारे १५ हजार ठिकाणे जोडता येतात, तर एअरफायबरने दीड लाखांपर्यंत. रस्ता खणण्याची परवानगी, सोसायटीची परवानगी, डक्ट, खांब हे सगळे टळते. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जिथे तार पोचायला वर्ष लागले असते तिथे आठवड्यात जोडणी मिळते. हा लाभ खरा आहे आणि नाशिक-सोलापूरच्या नव्या वसाहतींत, बंगल्यांच्या विरळ वस्तीत तो मोठाच आहे. प्रश्न एवढाच की एका टॉवरवर अशी घरे वाढत गेली तर आजचा अनुभव टिकेल का. फोनवरचा माणूस दिवसभरात जेवढा डेटा खातो त्याच्या कितीतरी पट एक टीव्ही एका संध्याकाळी खातो. कंपन्या म्हणतात, स्पेक्ट्रम पुरेसा आहे आणि घरगुती ग्राहकांसाठी जाळ्यात वेगळी वाट राखता येते. टीकाकार म्हणतात, गर्दीची खरी परीक्षा अजून व्हायची आहे. दोघांचेही म्हणणे आज तरी अंदाज आहे.

या तिन्ही भूमिकांच्या आधी एक चाचणी करून घ्यायला हवी, आणि बहुतेक लोक ती करत नाहीत. वायफाय आणि इंटरनेट या दोन गोष्टी आपण एकच समजतो. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, झोपायची खोली दोन भिंतींपलीकडे, भिंती जांभ्याच्या किंवा आरसीसीच्या, आणि इमारतीतले वीस राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेले. अशा घरात नेट ‘स्लो’ असते ते बाहेरून येणाऱ्या जोडणीमुळे नव्हे. एअरफायबर किंवा राउटरवाली कोणतीही जोडणी आधीच असेल तर लॅपटॉप साध्या लॅन केबलने राउटरला जोडून रात्री आठ ते अकराच्या दरम्यान काही दिवस मोजणी करावी. वायरीने वेग नीट मिळत असेल तर राउटरची जागा बदलणे किंवा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे हा उपाय आहे. जोडणी बदलल्याने पैसे जातील आणि तक्रार तशीच राहील.

बंद पडण्याचा दिवस

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब शेकड्यांनी कोसळले, त्या खांबांवरून गेलेल्या वायरी तुटल्या आणि वीज नसल्याने मोबाइल टॉवरही बंद झाले. तार आणि हवा दोन्ही एकाच कारणाने गेल्या. जोडणी कशातून येते यापेक्षा तिला वीज कुठून मिळते आणि ती कोणाच्या खांबावर टेकली आहे, हे अशा वेळी निर्णायक ठरते. जीपॉनमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. केंद्राला जनरेटर असेल आणि घरच्या राउटरला छोटा यूपीएस असेल तर गावात लाइट नसतानाही नेट चालते. जुन्या पद्धतीच्या केबल जाळ्यात मात्र मधल्या एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली स्विच असतो आणि त्या इमारतीची वीज गेली की पुढची सगळी गल्ली बंद. म्हणून ‘फायबर आहे’ या उत्तरावर न थांबता ‘फायबर थेट घरात येते का, की इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे साधी वायर’ हे विचारणे गरजेचे आहे.

शहरात तारेचे शत्रू वेगळे: मेट्रोचे खोदकाम, रस्त्याचे काँक्रीटीकरण, महापालिकेने अचानक कापलेल्या लोंबत्या केबल, उंदीर, फांद्या छाटणारे. तुटलेला तंतू जोडायला स्प्लायसिंग यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. घरातल्या यंत्रावर लॉसचा लाल दिवा लागला की ग्राहकाच्या हातात काही उरत नाही. जोडणी घेतानाच तंत्रज्ञाला प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगावी. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली तर जोडणी अधूनमधून तुटत राहणार. बिनतारी जोडणीचा बिघाड बहुधा टॉवरवर होतो आणि टॉवर शेकडो ग्राहकांचा असल्याने तो दुरुस्त होण्याची घाई कंपनीलाही असते. एका घराची तार तुटली तर घाई फक्त त्या घराला असते. तारेविरुद्धचा हा सर्वांत गंभीर आक्षेप मला वाटतो, आणि त्याला तांत्रिक उत्तर नाही. उत्तर स्थानिक आहे: त्या गल्लीत, त्या सेवादात्याचा माणूस किती तासांत येतो. तो येत असेल तर फायबर घ्यावे आणि मोबाइलचा हॉटस्पॉट अडचणीसाठी ठेवावा. येत नसेल तर कागदावरचा तीनशे एमबीपीएसचा आकडा कामाचा नाही.

ग्रामीण भागात हाच प्रश्न सरकारी प्रमाणावर दिसतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या प्रकल्पाने अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे ठरवले. फायबर अनेक ठिकाणी पोचले. ते चालू राहणे वेगळे. पंचायत कार्यालयापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा तर बराच काळ कोणाचाच नव्हता. २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात जाळे कड्यासारखे जोडून एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालावे अशी रचना आणि दीर्घ मुदतीची देखभाल धरली आहे. तार घालण्याबरोबर ती सांभाळायलाही पैसे लागतात, हे या बदलातून मान्य झाले आहे.

अजून न सुटलेले

सोसायट्यांचा प्रश्न अर्धवट आहे. अनेक इमारतींत एकाच सेवादात्याला आत येऊ दिले जाते, त्यामुळे रहिवाशाची निवड कागदावरच राहते. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार मानांकन देण्याचे नियम केले, पण जुन्या सोसायट्यांत डक्टच नसतात आणि मानांकनाने ते तयार होत नाहीत. ब्रॉडबँडच्या व्याख्येचेही तसेच: २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएसवर आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर नेली, तरी वर जाणारा वेग आणि स्थिरता यांना जाहिरातीत अजून स्थान नाही. एअरफायबर तारेच्या बाजूला मोजायचे की बिनतारी, यावरही आकडेवारीत एकवाक्यता यायला वेळ लागला. उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या सेवेला जून २०२५ मध्ये स्टारलिंकला परवाना मिळाल्याने गती आली. पृथ्वीपासून सुमारे ५५० किलोमीटरवरचे उपग्रह उशिराचा जुना दोष बऱ्याच अंशी घालवतात, पण शहरातल्या घराला त्यांची गरज नाही आणि भामरागडच्या घराला ते परवडतील का, हे दरांवर ठरेल.

सर्वांत मोठी उणीव माहितीची आहे. ट्रायचे सेवादर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आणि बिघाड किती वेळात दुरुस्त व्हावा याची मानके त्यांत आहेत. मात्र ग्राहकापुढे येणारे आकडे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत परवाना क्षेत्राच्या सरासरीचे असतात. महाराष्ट्र परवाना क्षेत्रात मुंबई वगळता सगळे राज्य आणि शिवाय गोवा येतो, म्हणजे कोथरूड, पणजी आणि भामरागड एकाच आकड्यात. तार घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्या कुटुंबाला आपल्या पिनकोडपुरता आकडा हवा असतो: गेल्या वर्षभरात जोडणी किती वेळा तुटली आणि किती तासांनी जुळली. कंपन्यांच्या तक्रार नोंदणी यंत्रणेत ही नोंद होतच असते. तो आकडा पिनकोडनुसार जाहीर व्हायला लागेपर्यंत ग्राहकाला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला, शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरीला आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारूनच निर्णय घ्यावा लागणार आहे.